तापात बाळाला ‘झटके आले’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका आईचा आहे. १४ महिन्यांच्या मुलाला संध्याकाळी ताप भरला. रात्री नऊच्या सुमारास त्याचे डोळे वर गेले, हातपाय ताठ होऊन झडू लागले, ओठ काळेनिळे पडले. दोन-तीन मिनिटांत सगळं थांबलं आणि तो गाढ झोपला. जवळच्या रुग्णालयात एक रात्र ठेवून घरी सोडलं. डिस्चार्जच्या कागदावर ‘तापात झटके येणे’ असं लिहिलं आहे. सासूबाई म्हणतात ही आकडी, शेजारच्या काकू म्हणतात फिट म्हणजे मिरगीच, आणि गावाहून फोन आला की वात झाला असेल. आईचं विचारणं असं: याचा अर्थ काय, मेंदूला इजा झाली का, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या संदेशांचा आलेख) आणि एमआरआय करायचे का, रोजचं औषध लागेल का, १५ व्या महिन्याची लस द्यावी का, आणि गणपतीत बाळाला कोकणात न्यावं का.

ताई, तुम्ही लिहिलंय की त्या तीन मिनिटांत ‘माझं बाळ गेलं’ असंच वाटलं. ठाण्यात इतकी वर्षं लहान मुलं तपासतोय. तापातले झटके पहिल्यांदा पाहिलेले बहुतेक आईबाप मला हेच सांगतात. डोळे पांढरे झालेलं, हाकेला ओ न देणारं मूल मांडीवर असताना दुसरं काय वाटणार? पण तुम्ही जे वर्णन केलंय, त्यात जिवाला धोका असल्याचं एकही लक्षण नाही. ६ महिने ते ५ वर्षं या वयातल्या दर १०० मुलांपैकी २ ते ५ जणांना कधी ना कधी तापात असे झटके येतात. १२ ते १८ महिने हे तर त्याचं सर्वांत नेहमीचं वय.

झालं काय ते आधी सांगतो. मेंदूतल्या पेशी विजेच्या बारीक संदेशांनी काम करतात. या वयात मेंदू घडत असतो. पेशींना चेतवणारी यंत्रणा लवकर तयार होते, आवरणारी मागून येते. त्यात ताप आला की वाढलेली उष्णता आणि जंतूंशी लढताना शरीराने सोडलेली रसायनं यांच्यामुळे काही मुलांच्या मेंदूत असंख्य पेशी एकदम संदेश सोडू लागतात. तेवढा वेळ मुलाची शुद्ध हरपते आणि स्नायू त्याच्या ताब्यात राहत नाहीत. म्हणून हातपाय झडतात, डोळे फिरतात, दातखीळ बसते. लाळ गिळली जात नाही म्हणून तोंडाला फेस येतो. छातीचे स्नायूही आखडतात, श्वास अडखळतो आणि ओठ निळे पडतात. मग मेंदू स्वतःच हे थांबवतो आणि मूल थकून झोपतं. ही झोप साधारण अर्ध्या-एका तासाची असते.

‘ताप मेंदूत चढला’ हे आपल्याकडे सर्रास बोललं जातं, पण इथे तसं काही झालेलं नसतं. जंतू घशात, कानात, छातीत किंवा आतड्यात असतो. मेंदू किंवा त्याच्या आवरणापर्यंत जंतू पोचला तर तो मेंदूज्वर, आणि तो पूर्ण वेगळा आजार आहे. त्याच्या खुणा पुढे सांगतो. घराण्याचा वाटा मात्र मोठा असतो. सासूबाईंना एकदा शांतपणे विचारा की तुमच्या यजमानांना किंवा त्यांच्या भावंडांना लहानपणी तापात असं काही झालं होतं का. ‘हो, ह्याच्या काकाला व्हायचं’ असं उत्तर बरेचदा निघतं, आणि मग घरातली निम्मी भीती तिथेच ओसरते.

आता शब्दांकडे येऊ, कारण तुमच्या घरातला सगळा घोळ तिथे आहे. झटके येणे, आकडी येणे, फिट येणे, आचके देणे ही सगळी डोळ्यांना दिसलेल्या अवस्थेची नावं आहेत. शुद्ध हरपून अंग आखडलं, झडलं, एवढंच त्यातून कळतं. ते कशामुळे झालं ते कळत नाही. सासूबाईंची ‘आकडी’ आणि कागदावरचे ‘झटके’ एकच आहेत, त्यांचं काही चुकलेलं नाही. मिरगी, फेफरं, अपस्मार ही आजाराची नावं. ताप वगैरे तात्कालिक कारण नसताना पुन्हा पुन्हा झटके येण्याची मेंदूची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. तापात एकदा झटके आलेल्या मुलाला अपस्मार म्हणत नाहीत. आणि ‘वात झाला’ म्हणताना जुनी माणसं बहुधा तापातलं बरळणं सांगत असतात. मूल असंबद्ध बोलतं, नसलेल्या गोष्टी दिसतात म्हणतं, पण अंग झडत नाही.

आमच्याकडे फोनवर तर ‘झटका आला’ हे हृदयविकारासाठी, अर्धांगवायूसाठी आणि आकडीसाठी सारखंच वापरलं जातं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं असतं की डॉक्टरांना शब्द सांगू नका, दिसलं ते सांगा. कासारवडवलीहून निघून माजिवड्यापर्यंत पोचेस्तोवर मूल शांत झोपलेलं असतं. झटके चालू असताना ते आमच्या डोळ्यांसमोर क्वचितच येतं. आमचं निदान तुमच्या सांगण्यावर उभं असतं, कुठल्याही मशीनपेक्षा जास्त. तापात मुलाचं अंग हलण्याची तीन-चार कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

सगळ्यात जास्त गोंधळ हुडहुडीशी होतो. ताप चढताना मूल कुडकुडतं, दात वाजतात, हातपाय थरथरतात, नखं निळसर होतात. पण ते तुमच्याकडे बघतं, रडतं, कुशीत शिरतं. त्याचा थरथरणारा हात तुमच्या मुठीत हलकेच धरा. हुडहुडीची थरथर धरल्यावर कमी होते किंवा थांबते. झटका असेल तर तुम्ही हात धरलात तरी तळव्याखाली ठोका जाणवत राहतो. एक जोराचा हिसका, मग सैल, पुन्हा हिसका, अशी लय असते. आणि मूल तुमच्याकडे बघत नसतं. डोळे वर किंवा एका बाजूला गेलेले, किंवा उघडे पण शून्यात. ही एक तपासणी घरच्या कोणालाही जमते आणि ती मला फार मोलाची वाटते.

झोप लागताना एखादा हात उडणं, दचकणं हे ताप नसतानाही होतं, त्याची काळजी नको. आणखी एक प्रकार म्हणजे रडता रडता श्वास कोंडणं. खेळणं काढून घेतलं, पडलं, राग आला की मूल रडतं, श्वास सोडतं आणि परत घेतच नाही. निळं पडतं, मान टाकतं, कधी शेवटी एक-दोन हिसकेही देतं. इथे क्रम बघायचा. आधी रडणं, मग निळेपणा, मग हिसके, आणि ताप नसतो. तापातल्या झटक्यात ताठरणं आणि झडणं आधी येतं. श्वास कोंडणाऱ्या मुलांत बरेचदा लोह कमी सापडतं, आणि लोहाच्या कमतरतेचा तापातल्या झटक्यांशीही संबंध आढळला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली ६ महिने ते ५ वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. तेव्हा तुमच्या बाळाचं हिमोग्लोबिन तपासून घ्याच. दिवसभर बाटलीने दूध पिणाऱ्या मुलांत तर हमखास.

झटका अंगाच्या दोन्ही बाजूंना होता की एकाच? किती वेळ? २४ तासांत किती वेळा? या तीन उत्तरांवर सगळं ठरतं. दोन्ही बाजूंना, १५ मिनिटांच्या आत थांबलेला आणि २४ तासांत एकदाच आलेला असेल तर तो साधा झटका. तुमच्या बाळाचा तसाच आहे. एकाच हातापायात आला, १५ मिनिटांच्या वर लांबला किंवा एका दिवसात पुन्हा आला तर तो गुंतागुंतीचा, आणि मग तपास वाढवावा लागतो. म्हणून पुन्हा झालं तर पहिली नजर घड्याळाकडे. घरात दुसरं माणूस असेल तर त्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. शूटिंग कसलं करतोस म्हणून कोणी ओरडलं तरी काढू द्या. चेहरा आणि चारही हातपाय दिसतील असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मला एमआरआयपेक्षा जास्त सांगून जातो.

त्या वेळी करायचं काय? बाळाला सपाट जागी कुशीवर वळवा, तोंड थोडं जमिनीकडे, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर येईल. गळ्याजवळची गुंडी सोडा, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करा. बस. तोंडात काहीही घालायचं नाही. चमचा नको, बोट नको, पाण्याचा थेंब नको, तापाचं औषधही नको. जीभ गिळली जात नाही. चमच्याने दात मात्र तुटतात आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. हातपाय दाबून धरू नका. कांदा फोडून नाकाशी धरणं, चप्पल हुंगवणं, हातात लोखंडी किल्ली देणं, हे प्रकार मी अजून ऐकतो. साधा झटका बहुतेकदा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, आणि थांबला की लोकांचा कांद्यावर विश्वास बसतो. पण तेवढ्यात मूल उताणं राहिलं आणि उलटी छातीत गेली तर खरी इजा होते. तापल्या लोखंडाने डाग देण्याचं तर कोणाला नावही काढू देऊ नका.

पाच मिनिटं ही रेघ आहे. पाच मिनिटांत थांबलं तर बाळ जागं होईपर्यंत कुशीवर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाच मिनिटांच्या पुढे गेलं तर ते आपोआप थांबण्याची वाट बघायची नाही. झटका थांबवणारा, नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे इथेच लागतो. तुमच्या बाळासाठी तो लिहून घ्या. किती फवारे हे वजनावरून ठरतं, आणि एका फवाऱ्यातली मात्रा कंपनीनुसार बदलते. म्हणून डॉक्टरांकडून बाटलीचं नाव आणि फवाऱ्यांचा आकडा दोन्ही कागदावर घ्या आणि तो कागद बाटलीलाच रबरबँडने बांधा. वजन वाढलं की आकडा पुन्हा विचारा. त्याच वेळी १०८ ला फोन करा किंवा निघा. निघताना नावाजलेलं रुग्णालय शोधत बसू नका. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये २० मिनिटं जास्त जाण्यापेक्षा आपत्कालीन विभाग उघडा असलेलं, ऑक्सिजन असलेलं सगळ्यात जवळचं ठिकाण बरं. कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. खाडीपलीकडे राहणाऱ्यांना वाशी, ऐरोली, नेरूळची नवी मुंबई महापालिकेची रुग्णालयं आहेत. आपल्या घराजवळचं कोणतं, ते आजच ठरवून ठेवा.

घड्याळात पाच मिनिटं झाली नसली तरी काही वेळा ताबडतोब निघायचं. झटका थांबून तास उलटला तरी मूल नीट शुद्धीवर येत नाही, मान ताठ आहे, टाळू फुगली आहे, सारखी उलटी होतेय, अंगावर काच दाबली तरी न विरणारे जांभळे ठिपके आहेत, एक हात किंवा पाय हलत नाही, किंवा जुलाब-उलट्यांनी मूल आधीच गळून गेलेलं आहे. वय ६ महिन्यांच्या आत किंवा ५ वर्षांच्या वर असताना पहिल्यांदा झटका आला तर त्याला तापातला झटका म्हणून सोडून देता येत नाही. आणि आपल्याकडे पावसाळ्यात मलेरियाची रक्ततपासणी टाळायची नाही, कारण मेंदूवर गेलेला मलेरियाही सुरुवातीला असाच दिसू शकतो.

तपासण्यांबद्दल तुम्ही विचारलंत. साध्या झटक्यानंतर, मूल पूर्ववत हसत-खेळत असेल तर ईईजी, सीटी, एमआरआय यांतलं काही लागत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे आणि मीही तसंच वागतो. ईईजीत काही बारीक वेगळं दिसलं तरी पुढे अपस्मार होईल की नाही ते त्यावरून सांगता येत नाही. घरात चिंता तेवढी वाढते. शोधायचं असतं ते तापाचं कारण. पाठीतलं पाणी तपासायला डॉक्टर सांगतात तेव्हा मात्र नाही म्हणू नका. मेंदूज्वराची शंका असेल तेव्हा ती तपासणी जीव वाचवते, आणि तिने पाय लुळे पडतात हा समज खोटा आहे. बाळाला आधीपासून अँटिबायोटिक चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण त्याने मेंदूज्वराच्या खुणा झाकल्या जातात.

मेंदूला इजा झाली का, हा प्रश्न तुम्ही दोनदा विचारलाय. साध्या झटक्याने होत नाही. अमेरिकेत तापात झटके आलेल्या १,७०६ मुलांवर वयाच्या सातव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवलं होतं. तो अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या मुलांची पुढे त्यांच्या सख्ख्या भावंडांशी तुलना केली तेव्हा बुद्धीत फरक दिसला नाही. पुढे अपस्मार होण्याची शक्यता एरवी १०० त सुमारे १ असते, साध्या झटक्यांनंतर ती १ ते २ पर्यंत जाते. पुन्हा तापात झटका येण्याची शक्यता मात्र खरीच आहे, साधारण तिघांतल्या एकाला येतो, बहुतेक वेळा पहिल्या वर्षभरात. पहिला झटका वर्षाच्या आत आला असेल, घरात कोणाला आलेला असेल किंवा ताप फारसा नसतानाच आला असेल तर ही शक्यता वाढते.

त्यासाठी रोजचं औषध द्यावं का? नाही. पूर्वी झटके रोखणारं फिनोबार्बिटोन वर्षानुवर्षं देत. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ते घेणाऱ्या मुलांचा बुद्ध्यंक कमी आढळला, आणि झटक्यांतही ठळक फरक नव्हता. जो आजार वयाबरोबर जाणार आहे त्यासाठी एवढी किंमत मोजायची नसते. तापाच्या दोन-तीन दिवसांपुरतं क्लोबाझाम आपल्याकडे बरेच डॉक्टर देतात. वारंवार झटके येणाऱ्या किंवा रुग्णालय फार लांब असलेल्या मुलांना मीही देतो. पण त्याने मूल झोपाळू होतं, चालताना झोकांड्या खातं, आणि मग ही गुंगी औषधाची की आजाराची ते ओळखणं अवघड जातं. तुमच्या बाळाला एका साध्या झटक्यासाठी मी ते सुरू करणार नाही.

आणि पॅरासिटामॉल. ते वेळेवर दिलं की झटका टळतो, असं वाटणं साहजिक आहे, पण अभ्यासांत तसं सिद्ध झालेलं नाही. कित्येकदा झटका हेच तापाचं पहिलं लक्षण असतं. म्हणून ‘मी औषध द्यायला उशीर केला’ हे मनातून काढून टाका. औषध द्यायचं ते बाळाला बरं वाटावं म्हणून. मात्रा दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. इथे एक धोका आहे. १० किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम लागतं. ते १ मिलीत १०० मिलिग्रॅमच्या ड्रॉप्सचे दीड मिली, ५ मिलीत १२५ च्या सिरपचे ६ मिली आणि ५ मिलीत २५० च्या सिरपचे ३ मिली. घरात तीनही बाटल्या असतात आणि आजी ‘नेहमीचं एक झाकण’ देते. एकच बाटली ठेवा, बाकीच्या काढून टाका. पॅरासिटामॉलसोबत मेफेनामिक ॲसिड असलेलं जोडऔषध आपल्या मनाने नको, डेंग्यूच्या दिवसांत तर नकोच. निमसुलाइड हे तापाचं औषध १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंद आहे. कोलन वॉटरच्या किंवा बर्फाच्या पट्ट्या नकोत, गोधड्यांत गुंडाळून घाम काढणंही नको. सुती कपडे, पंखा, वरचेवर दूधपाणी.

लस द्या, वेळेवर द्या. १५ व्या महिन्याच्या एमएमआरने (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) ताप आला तर तो साधारण आठवडाभराने, पाचव्या ते बाराव्या दिवसात येतो. आईबाप पहिले दोन दिवस जपतात आणि मग विसरतात, म्हणून कॅलेंडरवर खूण करा. त्रिगुणीच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टरचा ताप त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो. पेनलेस म्हणतात त्या त्रिगुणी लसीने ताप कमी येतो. परवडत असेल तर ती घ्या, नाहीतर सरकारी लसही द्यायचीच. गोवरात येणारा ताप आणि मेंदूचा दाह लसीच्या तापापेक्षा कितीतरी घातक.

गणपतीला गावी न्या. निघायच्या दिवशी अंगात ताप असेल तर मात्र एक-दोन दिवस थांबा. स्प्रे आणि त्याचा कागद सामानाच्या बॅगेत नको, हातातल्या पर्समध्ये ठेवा. पोचलात की घरातल्या एक-दोघांना, बाळाऐवजी उशी घेऊन, कुशीवर कसं वळवायचं ते करून दाखवा. आणि तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय किती लांब आहे, रात्री-अपरात्री गाडी कोणाची मिळेल, हे पहिल्याच दिवशी विचारून नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा.